पहिल्या बाळंतपणाचे युरो

पहिलं बाळंतपण माहेरचं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. सातव्या महिन्यात लेक येते, दवाखान्याचा खर्च माहेरचे करतात, सव्वा महिन्यानं बाळंतविडा देऊन तिला सासरी पोचवतात. माझी लेक मात्र नेदरलँड्सला होती आणि तिथल्या डॉक्टरनं तिला विमानात बसायला मनाई केली. तेव्हा मीच जायचं ठरलं. ते कळल्यावर चारठाण्याहून विहीणबाईंचा फोन आला. "बरं झालं तुमी निगालात," त्या म्हणाल्या, "पर बाळंतपन तिकडंच होयलंय, तर माहेरचं काय ऱ्हायलं मग?"

ते बोलणं माझ्या मनाला असं लागलं की फोन ठेवल्यावर मी दुकानातली झाडलेली जागा परत झाडून काढली. मी सेलूत सरकी-पेंडीचं दुकान चालवते. नवरा सोबतीला असतो, पण गल्ल्यावर मीच. कुणाचा चहा प्याले तर दुसऱ्या दिवशी त्याला पाजल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि ही बाई मला माहेरचं काय राहिलं ते विचारते! मी तिथल्या तिथं ठरवलं की बाळंतपण कुठंही होवो, खर्च माझाच. जावयाच्या खिशाला हात लावू द्यायचा नाही.

आता पैसे न्यायचे कसे, हे मी एकदा दुकानात मोठ्यानं बोलून बसले आणि पस्तावले. पेंड न्यायला येणारा जो तो परदेशाचा जाणकार झाला. एक म्हणे रोखच न्या, परक्या मुलखात नोट हातात पाहिजे. दुसरा म्हणे, "मावशी, तिकडं नोटंला कुनी इचारत न्हाई, निसतं कार्ड न्या." हा माणूस आयुष्यात हैदराबादच्या पुढं गेलेला नव्हता. बँकेतले साहेब फॉरेक्स कार्ड घ्या म्हणाले. आधी त्यात युरो भरून ठेवायचे आणि तिकडं लागतील तसे वापरायचे. नवऱ्याचं मत वेगळंच. "समदं एका जागी ठिवू नको," ते म्हणाले. "थोडं इकडं, थोडं तिकडं. एक गेलं तर एक ऱ्हाईल."

मला ते पटलं. युरोच्या नोटा कापडी पिशवीत घालून ती कमरेला बांधायची, एक फॉरेक्स कार्ड, आणि शिवाय माझ्या खात्याचं नेहमीचं कार्ड परदेशात चालेल असं सुरू करून घ्यायचं, असा बेत झाला. ते सुरू करताना काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "खात्याला जोडलेला हा नंबर तुमचाच ना?" मी म्हटलं, माझाच. तो दुकानाचा नंबर होता. भिंतीवर क्यूआर कोडच्या खाली लिहिलेला, गल्ल्याजवळच्या फोनमधला. दुकान माझं, म्हणून नंबर माझा. त्यात मला काहीच वावगं दिसलं नाही.

तिकडं पोचल्यावर लेकीनं गळामिठी मारली, जावयानं बॅगा उचलल्या, सगळं छान झालं. पण माझे पाय काही घरात ठरेनात. लेकीच्या घरी नुसतं बसून खायचं, ही कल्पनाच मला सोसवत नाही. दुसऱ्या दिवशी भाजी-दूध आणायला मी तिच्याबरोबर मोठ्या दुकानात गेले. शेवटी पैसे द्यायच्या जागी माणूसच नाही, एक यंत्र! नोट घालायला त्याला फटच नव्हती. मी फॉरेक्स कार्ड लावलं, यंत्रानं लाल दिवा लावला. परत लावलं, परत लाल. मागं रांग झाली. तेवढ्यात लेकीनं माझ्या खांद्यावरून हात पुढं करून आपला मोबाईल टेकवला आणि यंत्र खूश झालं. "आई, इथल्या काही दुकानांत बाहेरचं कार्ड चालत नाही," ती म्हणाली. दुधाची पिशवी हातात धरून मी घरापर्यंत तिच्याशी बोलले नाही. राग तिचा नव्हता, पण काढायचा कुणावर?

संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या एटीएमवर गेले. तेच कार्ड, तोच पिन, आणि मशीननं करकरीत नोटा काढून दिल्या. म्हणजे माझे पैसे मला मिळत होते, फक्त ते माझ्याकडून घ्यायला कुणी तयार नव्हतं. कमरेची पिशवी आणखी फुगली. मी त्या गल्लीतून चार चकरा मारल्या, नोट चालणारं एखादं दुकान सापडतं का ते बघत. एक फुलवाला सापडला. गरज नसताना त्याच्याकडून फुलं घेतली, आणि सुट्टे हातावर पडले तेव्हा कुठं जिवात जीव आला.

मग मी बाळाची गाडी घ्यायचं काढलं. लेकीनं मोबाईलवर दाखवली, मी माझ्या खात्याच्या कार्डाचे आकडे भरून घेतले, आणि पडदा म्हणाला, तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. माझ्या नंबरवर म्हणजे सेलूला, गल्ल्याजवळ. मी नवऱ्याला फोन लावला.

"अहो, दुकानाच्या फोनवर ओटीपी आला का बगा."

"आत्ता? लय गर्दी हाय गं. थांब, ह्या मानसाचं पोतं तोलतो."

"पोतं ऱ्हाऊ द्या! आदी आकडा सांगा!"

"चष्मा कुटं ठिवलास तू?"

चष्मा मी ठेवला होता! मी परदेशात, चष्मा त्यांचा, आणि ठेवला म्हणे मी. आकडा मिळेपर्यंत वेळ संपली. दुसऱ्यांदा त्यांनी मागचाच आकडा वाचला. तिसऱ्यांदा बँकेनं कार्डच बंद केलं, माझ्या सुरक्षिततेसाठी. त्यांच्या पाठीमागून गिऱ्हाईक विचारत असलेलं मला ऐकू येत होतं, "मावशीला तिकडं पैशे कमी पडले काय?" आता ही बातमी बाजारभर होणार, या विचारानं माझा जीव खालीवर झाला. बाळाची गाडी जावयानं घेतली.

नात झाली. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढं होऊन काउंटरवर उभी राहिले आणि पिशवी सोडून नोटा काढल्या. तिथली बाई नोटांकडं बघते, माझ्याकडं बघते, मग जावयाकडं. त्याच्याशी काही बोलून तिनं माझा हात हातात घेऊन हलवला. "आई, ती तुमचं अभिनंदन करायलीय," जावई म्हणाला. "विम्यात आहे सगळं. इथं काही भरायचं नसतं." मी नोटा परत पिशवीत कोंबल्या. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण गावभर पंगतीचं आमंत्रण देऊन ऐनवेळी कुणी जेवायलाच आलं नाही, तसं झालं.

घरी आठवडाभर एक बाई येत होती, बाळ-बाळंतिणीचं करायला. तिकडं ती पद्धतच आहे. तिच्या कामाच्या पैशांपैकी थोडेसे घरच्यांना द्यावे लागतात असं कळलं, आणि मी परत सावध झाले. हे तरी माझं! मी तिला नोटा द्यायला गेले तर ती दोन पावलं मागं सरली. रोख घ्यायची तिला परवानगी नव्हती. बिल जावयाच्या मोबाईलवर आलं आणि मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येईपर्यंत त्यानं कोचावर बसल्या बसल्या भरूनही टाकलं. मी त्याला रागावले. जावयाला कुणी रागावतं का? पण रागावले. तो बिचारा सॉरी म्हणाला.

त्याच दुपारी विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. बाळ माझ्या मांडीवर होतं. त्यांनी नातीला डोळे भरून पाहिलं, नाक कुणाचं, कपाळ कुणाचं हे सगळं झालं. मग त्यांनी विचारलं, "दवाखान्याचं कसं काय केलं?"

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "सगळं आईनंच केलं, आत्याबाई. आम्हाला काही भरूच दिलं नाही."

किती सहज बोलली! क्षणभर मला ते गोड लागलं, खोटं का होईना. हेच ऐकवायला तर मी इतक्या लांब आले होते. पण मग अंगाचा तिळपापड झाला. माझ्या लेकीनं माझी लाज झाकायला खोटं बोलावं, आणि मी ते निमूट घ्यावं?

"खोटं हाय ते," मी म्हणाले. "मी काईच भरलं न्हाई. हितं माझा पैसा कुनी घेत न्हाई. कमरंला बांधून आनला तसाच हाय. तुमी म्हन्लात तेच खरं झालं, माहेरचं काई ऱ्हायलं न्हाई."

आता त्या हसतील, म्हणून मी वाट बघत राहिले. पण त्या फोनकडं बघतच नव्हत्या. पदरानं काहीतरी पुसत होत्या.

"मी तसं न्हाई म्हन्ले हो," त्या म्हणाल्या. "माज्याकडं बी हायेत पैशे. सोयाबीन इकलं तवापासून तिकिटापुरते बाजूला काडून ठिवलेत. पासपोट बी काडला. पर तिकडून बोलावन्याचं पत्र लागतं म्हनं. ते कुनी धाडलंच न्हाई."

जावई बाळाच्या दुपट्याची घडी घालत होता, त्याचे हात थांबले. माझं पत्र त्यानंच तयार केलं होतं, लेकीनं सही केली होती, आणि त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी फोनवर केवढा आनंद केला होता. एकट्या राहणाऱ्या त्याच्या आईचं नाव कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. पहिल्या खेपेला सासूला कोण विचारतं?

मी लेकीकडं बघितलं. ती खाली बघत होती.

"या की," मी म्हणाले. घर माझं नव्हतं, बोलावणं माझ्या हातात नव्हतं, आणि ते पत्र कसं लिहितात हेही मला ठाऊक नव्हतं. तरी परत म्हणाले, "या तुमी."

जावई पुढं आला आणि त्यानं माझ्या हातातून फोन घेतला. तो बोलायच्या आत तिकडून विहीणबाईंचाच आवाज आला.

"थंडी लय असती का रं तिकडं?"