लाळ गळण्याची कारणे

पुरानंतर जनावरांचा डॉक्टर खरे तर माणसांसाठीच काम करत असतो, हे मी शेतकऱ्यांच्या प्रत्येक शिबिरात सांगत आलो. मेलेले जनावर विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरावे. ते पाण्यात कुजले तर त्यानंतर माणूस आजारी पडतो. पूर येताना दावी सोडावीत. बांधलेले जनावर बुडते, सुटे जनावर उंचवटा शोधते. रोहिणखेडच्या पलीकडल्या एका गावाने हे नीट ऐकले होते. नदी गोठ्यांत शिरली तेव्हा लोकांनी दावी सोडली आणि बहुतेक गुरे बरडावर, गावामागच्या उंच माळावर, चढून वाचली. नंतर आम्ही मेलेली जनावरे पुरली, वाचलेल्यांना घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी टोचल्या, विहिरींत औषध टाकून घेतले. अहवाल पाठवताना मला समाधान वाटले होते. त्याच बरडावर दोन दिवस गुरांबरोबर उपाशी कुत्रीही अडकली होती. अहवालात कुत्र्यांसाठी रकाना नव्हता, आणि मीही तो आखला नाही.

सुमारे महिन्याभराने त्या गावातून एका बाईचा फोन आला. शिबिरात सर्वांत पुढे बसून सर्वांत जास्त प्रश्न विचारणारी ती. घरी नवरा, अंथरुणाला खिळलेली सासू, लहान मुलगी आणि पुरातून वाचलेली एकच गाय.

"साहेब, गाय सारखी हंबरून राह्यली. लाळ गळून राह्यली, पानी बी पीत नाही."

"काय खाल्लं तिनं?"

"मक्याचे कणसं. ओलेच होते."

गावाकडचा फरशी पूल पाण्याखाली होता. मला जाता येत नव्हते. लाळ गळण्याची कारणे मला क्रमाने पाठ आहेत आणि घशात काही अडकणे हे त्यांतले पहिले. म्हणून मी म्हणालो, "घशात कणीस अडकलं असेल. तोंड उघडून हात घालून पाहा."

ती हसली. "हात तं घालीन, पन चावली तं भाकरी तुम्ही येऊन थापजा!"

तासाभराने तिने कळवले, की घशात काहीच नाही, दात मात्र जरासे लागले. मी हात धुवायला सांगितले आणि बाकीची कारणे विचारात घेऊ लागलो. शेवटचे कारण मनात आले, तेही मी पुढे ढकलले. गावात पिसाळलेले कुत्रे आल्याचे कोणी सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरले आणि मी पोचलो. गाईचा आवाज घोगरा झाला होता, मागचे पाय लुळे पडत होते. नाकपुडीवर एक जुना व्रण होता.

"बाभळीचा काटा लागला असन बरडावर," नवरा म्हणाला.

तो व्रण काट्याचा नव्हता, कुत्र्याच्या दातांचा होता. मी बाईला तिचा हात दाखवायला सांगितले. निंदणाने भेगाळलेल्या बोटांवर दोन लहान जखमा होत्या. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. गाय पिसाळली आहे. हात घालायला मी सांगितलं, ती माझी चूक."

"तुमीच तं शिकवलं, साहेब," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, हे मला अजून सहन होत नाही.

आरोग्य केंद्रात पहिली सुई मिळाली. लस लागू पडेपर्यंत रोग रोखणारे, जखमेत टोचायचे औषध मात्र बुलडाण्यालाच होते. "पोरगी कोनापाशी ठेवू?" तिने विचारले. मी फक्त "उद्या नक्की जा" म्हणालो. ती गेली नाही. दुसरी सुई तिने घेतली. तिसरीच्या दिवशी फरशी पुलावर पुन्हा पाणी होते, आणि ते उतरले तेव्हा वाहून गेलेल्या शेतात पुन्हा पेरणी चालू होती. मी फोन केला तर म्हणाली, "मी तं चांगली हाव. गाय बी पुरली, चुना टाकून."

पाचव्या आठवड्यात तिच्या हाताला मुंग्या आल्या, मग ताप, मग पाण्याचा पेला समोर धरला तरी घसा आवळू लागला. तिला बुलडाण्याला नेले. ती आता वाचणार नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितले.

दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेच्या व्हरांड्यात आरोग्य केंद्राची सिस्टर सुया घेऊन बसली. गाईचे कच्चे दूध कोणी प्यायले, गाईला आणि आजारी बाईला कोणी हाताळले, याची यादी मी केली होती. लेकीला सुई देण्यासाठी नवरा बुलडाण्याहून आला होता. मुलीची सुई झाली, आणि त्याची पाळी आली.

"डॉक्टरसाहेब, तिले आता देता येत नाही काय ही?"

"नाही."

"मंग मले कायले देता?"

त्याने बाही खाली ओढली, मुलीला कडेवर घेतले आणि तो पायऱ्या उतरला. लस रोगाआधीच का द्यावी लागते, ती त्याने का घ्यावी, त्या मुलीसाठी तरी का घ्यावी, हे मी व्हरांड्यातून त्याला मोठ्याने, क्रमाने सांगू लागलो. तो थांबला नाही. रांगेतली माणसे मात्र शिबिरात ऐकत, तशी उभी राहून ऐकत होती.