औषध पोचलं ती दुपार

सप्तशृंगीवरचा माझा विश्वास तापाने हळूहळू पोखरला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. धुळ्याहून आम्ही सेलवासला आलो होतो. यजमान जवळच्याच गलोंडा गावी धाग्याच्या कारखान्यात, मी घरी शिवणकाम करायची. माझा ताप महिनोन्महिने उतरेना. मुंबईच्या डॉक्टरांना यकृतात बुरशीचा संसर्ग सापडला. नेहमीच्या औषधाने तो हटला नाहीच, उलट किडन्या बिघडू लागल्या. सप्तशृंगी आईने माझंच असं का करावं, हा एकच प्रश्न मनात घोळायचा.

एक नवा उपाय होता. तेच औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरून द्यायचं, म्हणजे ते किडन्यांना न दुखावता यकृतात जाईल. पण माझ्या शरीरात ते कण खरंच तिकडे जातात का, हे आधी बघायचं होतं. कणांना थोडं किरणोत्सर्गी द्रव्य लावून मुंबईच्या रुग्णालयात सुई दिली आणि ते कुठे पोचतात हे दाखवणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याखाली झोपवलं. अजिबात हलायचं नव्हतं. नेमकी तेव्हाच हुडहुडी भरली. चित्र पुसट येत होतं, आणि आज तयार केलेलं द्रव्य उद्या उपयोगाचं नव्हतं.

बाहेर एक वारली बाई बसली होती, आमच्याच भागातल्या रांधा गावची, लाखीबाई. सकाळी त्याच कॅमेऱ्यावर तिच्या नवऱ्याची हाडं तपासली होती. त्याचा कर्करोग हाडांत सगळीकडे पसरल्याचं तिला नुकतंच कळलं होतं. माझं कण्हणं ऐकून ती तंत्रज्ञाला विचारून आत आली. नवऱ्यासाठी आणलेली गोधडी तिने माझ्यावर घातली, तळपाय चोळले.

"बेन, तू काय करू नको," ती म्हणाली. "नुसती पडून राहा."

मी डोळे मिटले. किती दिवसांनी मी स्वतःला कुणाच्या तरी हवाली केलं. कापरं थांबलं. पडद्यावर ठिपके गोळा होत गेले.

"यकृतात पोचलंय," डॉक्टर म्हणाले. "किडन्या जवळजवळ मोकळ्या आहेत."

उपचार सुरू झाले, हळूहळू ताप गेला. लाखीबाईचा नवरा मात्र वाचला नाही. कळलं तेव्हा मी रांध्याला गेले. त्या दुपारी माझ्यासाठी उठायचं बळ कुठून आलं, असं विचारलं.

"त्याच्यासाठी माझ्या हातून काय होत नव्हतं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी होत होतं."

मग तिने मला नागलीची भाकरी वाढली. मी ती खाल्ली. तेव्हापासून आईकडे कारण मागत नाही. ती ज्याच्या हातून जे देईल, ते ओंजळीत घेते.