धुतलेल्या फ्लॉप्या

कॉलेजात संगणक आला आणि त्याच्यासाठी माणूस शोधायची वेळ आली, तेव्हा मी निवडले गेले ते केवळ मला टायपिंग येत होतं म्हणून. वय बत्तीस, लग्न झालेलं नाही, आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, भाऊ मुंबईला. कामाला उशीर झाला तरी घरी वाट बघणारं कोणी नाही, हेही प्राचार्यांनी मनात धरलं असावं. त्यांनी मला आठवडाभर मुंबईला शिकायला पाठवलं आणि परत आल्यावर एका खोलीची किल्ली हातात दिली.

खाऱ्या हवेने मशीन खराब होतं म्हणून त्या खोलीच्या खिडक्या खिळे मारून बंद केल्या होत्या. जाड पडदे, भिंतीत एसी, चपला बाहेर. समुद्र पाच मिनिटांवर होता, पण त्याचा आवाज आत येत नसे. विद्यार्थी आठवड्यातून दोनदा यायचे, प्राध्यापक दारातून डोकावून जायचे. पूर्वी मी ऑफिसातल्या बायकांबरोबर डबा खायचे. आता त्या मला ‘संगणकवाल्या बाई’ म्हणू लागल्या आणि त्यांच्या बाकावरची माझी जागा हळूहळू भरून गेली. मी डबा त्या थंड खोलीतच खाऊ लागले. भात गार होऊन कडक व्हायचा.

मुंबईच्या वर्गात एकाने मला एक खेळ फ्लॉपीवर कॉपी करून दिला होता. वरून ठोकळे पडतात, ते नीट बसवायचे. डबा खाऊन झाला की मी दार लावून तो खेळायचे. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तारकर्लीचे एक निवृत्त शिक्षक प्राचार्यांकडे आले. ख्रिस्ती कुटुंबातले, सत्तरीच्या घरातले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. तीस वर्षं त्यांनी मालवणी शब्द गोळा केले होते. एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द, त्याचा अर्थ, तो कुठल्या गावात कोणाच्या तोंडून ऐकला ते. चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरलेल्या. हे मशीन शब्द आपोआप क्रमाने लावतं असं त्यांच्या कानावर आलं होतं. प्राचार्यांनी मंगळवार आणि शुक्रवारची दुपार त्यांना दिली.

पहिल्या दिवशी ते थंडीने कुडकुडले. दुसऱ्या खेपेला आपल्या लग्नातला लोकरी कोट घालून आले. आमच्या मशीनला मराठी येत नव्हती, सगळं इंग्रजी अक्षरांत लिहावं लागे. मला वाटलं, मास्तर नाराज होतील. पण त्यांचं प्रार्थनेचं पुस्तक गोव्यात छापलेलं, रोमी लिपीतलंच होतं. ते म्हणाले, “माका काय अडचण नाय. फकत ‘ळ’ खंय बसवतलंस ता सांग.” आम्ही ‘ळ’साठी मोठा एल ठरवला.

ते चिठ्ठी वाचायचे, मी टाइप करायचे. “मतलई,” ते म्हणायचे, “पहाटेचा जमिनीवरून दर्यात जाणारा वारा,” आणि मग ज्या खलाशाने तो शब्द सांगितला त्याची हकिगत सुरू व्हायची. संध्याकाळी पाच वाजता ते गेले की खोली आधीपेक्षा जास्त रिकामी वाटायची. मी मंगळवार आणि शुक्रवारसाठी बरी साडी बाजूला ठेवू लागले.

सात-आठ महिन्यांत सगळे डबे संपले. मशीनच्या पोटात काही साठत नसे, सगळे शब्द नऊ फ्लॉप्यांवर बसले, आणि काळजी म्हणून मी आणखी नऊ फ्लॉप्यांवर त्यांची नक्कल करून ठेवली. मास्तरांनी विचारलं, “आता ह्ये कागद काय करू?”

“ठेवन काय करतल्यात, मास्तरांनू?” मी ऐटीत म्हणाले. “सगळा ह्येच्यात आसा.”

अर्थ तपासण्याचं काम राहिलं होतं, त्यासाठी ते येत राहिले.

त्याच सुमारास पडद्यावर एक ठिपका दिसू लागला. टाइप करताना मध्येच कुठूनतरी यायचा, तिरका जायचा, कडेला आपटून उलटा फिरायचा, अक्षरांमधून वाट काढायचा. मशीन बंद करून चालू केलं की नाहीसा व्हायचा, पुन्हा कधीतरी यायचा. खरं सांगायचं तर मला तो आवडला होता. एखाद्या दिवशी आला नाही तर मी घड्याळ बघायचे. मास्तरांनी एकदा त्याला पाहिलं.

“ह्यो ठिपको कसलो गो?”

“असोच येता. काय करना नाय तो.”

पण मग विद्यार्थ्यांची एक फ्लॉपी वाचता येईना. मी मुंबईच्या शिक्षकांना पत्र लिहिलं आणि ठिपक्याचंही कळवलं. त्यांचं उत्तर आलं: हा व्हायरस आहे, बाहेरच्या फ्लॉपीतून आला असणार, तुमच्याकडच्या सगळ्या फ्लॉप्या फॉरमॅट करा. बाहेरची फ्लॉपी एकच होती, माझ्या खेळाची.

फॉरमॅट हा शब्द मला माहीत होता. नवी फ्लॉपी आली की वापरण्याआधी ती फॉरमॅट करायची, असं शिकवलं होतं. नवं भांडं वापरण्याआधी धुवावं तसं ते माझ्या डोक्यात बसलं होतं. भरलेली फ्लॉपी मी कधी फॉरमॅट केली नव्हती. आत लिहिलेलं त्याने पुसलं जातं, हे पत्र लिहिणाऱ्याने गृहीत धरलं असणार. मी ते कधी विचारलंच नव्हतं, कारण विचारलं तर एवढंही येत नाही असं दिसलं असतं.

एका गुरुवारी मी सगळ्या फ्लॉप्या धुवायला बसले. पडद्यावर यायचं, नवी फ्लॉपी घाला. मी घालायचे. मशीन कुरकुर करायचं आणि झालं म्हणून सांगायचं. पहिल्या नऊ झाल्या, मग नकलेच्या नऊ. रोग उरायला नको म्हणून एकही सोडली नाही. मग स्वच्छ झालेल्या शब्दांची यादी बघावी म्हणून पहिली घातली. काही नव्हतं. दुसरी घातली. अठराही घालून बघितल्या. नंतर दार उघडून बाहेर व्हरांड्यात उभी राहिले. उन्हाने डोळे दिपले, समोरून ऑफिसातल्या बायका हसत चहाला चालल्या होत्या. त्यांना काय सांगणार?

शुक्रवारी मास्तर येण्याआधी मीच सकाळच्या एसटीने तारकर्लीला गेले. ते माडांना पाणी घालत होते. मी म्हटलं, मशीनला रोग झाला, शब्द गेले.

“सगळे?”

“सगळे. चिठ्ठ्यो आसत मा?”

त्यांच्या बायकोने दारातूनच सांगितलं की चिठ्ठ्या न्हाणीच्या चुलीत गेल्या, कधीच. मी रडायला लागले. मास्तरांनी हातातली कळशी खाली ठेवली. “मशीन ता. तुझी काय चूक गो बाय? रडा नको.” त्यांनी मला बसवलं, त्यांच्या बायकोने पेज वाढली, ती मी खाल्ली.

त्या पेजेने मला तीन आठवडे झोप लागू दिली नाही. ज्यांचं मी एवढं घालवलं त्यांनी माझी समजूत काढली आणि मी ती काढू दिली. शेवटी पुन्हा गेले.

“मास्तरांनू, मशीनचा काय चुकूक नाय. मीच पुसलंय.” खेळाचं, ठिपक्याचं, धुण्याचं, सगळं सांगितलं.

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, “शब्द गेले ते गेले. पण माका खोटा कित्याक सांगलंस?” आणि आत निघून गेले. बाहेर कोणी आलं नाही. मी थांब्यावर दीड तास एसटीची वाट बघत बसले.

त्यानंतरचे मंगळवार आणि शुक्रवारही रिकामेच गेले. खेळाची फ्लॉपी मी कात्रीने कापून टाकली. ठिपका आता येत नव्हता. दोन वेळा ऑफिसात डबा घेऊन गेले, पण बायकांच्या बोलण्यातली माणसं मला ओळखू येईनात, म्हणून परत खोलीत बसू लागले.

दीड-दोन महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं. वळणदार अक्षर, शुद्ध शाळेतली मराठी: ‘आपणास सवड असल्यास रविवारी मिस्सानंतर यावे. वही आणावी.’

चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर मी वही घेऊन गेले. त्यांनी झाल्या गोष्टीचा विषय काढला नाही, आणि पूर्वीच्या हकिगतीही सांगितल्या नाहीत. आठवेल तो शब्द सांगायचे, मी लिहून घ्यायचे. कधी तासाभरात पंधरा यायचे, कधी तीनच. कधी ते अर्ध्यावर थांबायचे आणि म्हणायचे, “होतो एक शब्द,” आणि मी पेन उचलून धरून बसायचे. असे दोन वर्षांचे रविवार गेले. पूर्वीच्या शब्दांपैकी निम्मे तरी परत आले की नाही, हे ताडून बघायला काहीच शिल्लक नव्हतं. कॉलेजच्या थंड खोलीत मास्तर पुन्हा कधी आले नाहीत, मीही कधी बोलावलं नाही.