खांबाशेजारी उभी राहा, ताई

क्रेनचा पट्टा सरकला, लाकूड कडाडलं आणि वाघदेवाचा खांब माझ्या भावाच्या पाठीवर आला. मी दोन हातांवर मातीत पडले होते. मला त्यानेच ढकललं होतं. क्रेनवाला उडी मारून पळाला आणि सुपरवायझर फोनवर सांगत होता, "अरे, फोटोवाला बीच में आ गया."

महिना उलटला, तेच आता मराठीत फिरतंय. पेपरात आलं, फोटोच्या नादात मृत्यू. आमच्या भाईंदर पश्चिमेच्या गल्लीतही तेच, "मधूभाऊंनी फोटोपायी जीव दिला हो." ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी गप्प बसावं. मी पाहिलंय. शिकले चौथीपर्यंत, पण एवढं लिहिता येतं.

मधू माझा धाकटा भाऊ. जन्मभर लग्नांचे फोटो काढले आणि स्टुडिओ बंद केल्यावर वाघदेवांच्या मागे लागला. आदिवासी पाड्यांच्या वेशीवर हे लाकडी खांब असतात, वर चंद्र-सूर्य कोरलेले, मधे वाघ, अंगाला शेंदूर. काशीमिऱ्याच्या डोंगरापासून पार जव्हारपर्यंत रिक्षा, एसटी, मिळेल त्याने जायचा. मी विधवा, त्याच्याच घरी राहणारी, मलाही न्यायचा. खांब केवढा ते फोटोत कळावं म्हणून शेजारी माणूस लागायचं. "ताई, खांबाशेजारी उभी राहा. हसू नकोस." "मी कधी हसले रे?" "म्हणून तर तुला आणतो." आधी पाड्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचा. नको म्हणाले की कॅमेरा पिशवीत. हो म्हणाले तर पहिला फोटो त्यांच्या घरी पोचवायचा, मगच आमच्या भिंतीवर.

शेवटचा खांब दोन पुरुष उंच होता. एका नव्या कॉम्प्लेक्सला तो क्लबहाउसच्या दारात शोभेला हवा होता. जमीन आम्ही घेतली, खांब जमिनीत आला, एवढंच त्यांचं म्हणणं. पाड्याचा लाडक्या भगत म्हणाला, "वाघबारस होऊ द्या. देवाला नारळ देऊ, मग बघू." सुपरवायझर हसला. "बाबा, देव को हम एसी में रखेंगे." भगत उठून निघून गेला. मधूने एवढंच मागितलं, जागेवरचा एक फोटो काढू दे. "हां हां, निकालो," सुपरवायझर म्हणाला. पट्टा आधीच बांधलेला होता. मी वीतभर सोडून उभी राहिले, नेहमीसारखी. मधूने कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्या शहाण्याने मागून क्रेनवाल्याला हात केला. का, तर जेवणाची सुट्टी होत आली होती. खांबाचा बुंधा वाळवीने खाल्लेला...

मधूने कॅमेरा टाकला. खाली ठेवला नाही, दगडावर टाकला. लग्नात कोणाचा कोपर लागला तरी भांडणारा माणूस तो. टाकला आणि धावला.

परवा कॉम्प्लेक्सचा एक साहेब भेटायला आला. खांब म्हणे उभा केलाय, शेंदूर घासून, पॉलिश मारून. "आजी, शेवटचा फोटो निघाला असेल तर द्या ना. मोठा करून तिथे लावू, खाली काकांचं नाव."

"चहा झाला ना तुमचा? मग निघा," मी म्हटलं.

फोटो निघालाय. कॅमेऱ्याची काच फुटली, आतलं कार्ड शाबूत होतं. पहिली प्रत मी लाडक्या भगताला नेऊन दिली. दुसरी मधूच्या खोलीत लावली. त्या खोलीत भिंतभर मीच आहे, प्रत्येक वाघदेवाशेजारी तेच लुगडं, तेच आंबट तोंड. या एका फोटोत तेवढी मान वर वळली आहे... पट्ट्याकडे.

फोटोपायी मेला म्हणणाऱ्यांनी यावं आणि बघावं, खांबाखाली कोण उभं आहे. मी उभी आहे. मी वाचले.