खड्ड्याकाठचं हिरवं लुगडं

रानडुकरापेक्षा माणसाला खड्ड्यापासून लांब ठेवणं जास्त अवघड असतं, हे मी वऱ्हाडातल्या तळेगावात शिकलो. (शाळेत हे शिकवत असतील तर माहीत नाही. मी सातवीतच बाहेर पडलो.)

मी सांगलीकडचा गवंडी. घरापासून इतका लांब, की फोन केला तर आई आधी विचारते, "तिकडं आता किती वाजले?" इथल्या एका काका-काकूंच्या घरामागं संडासाची टाकी बांधायचं काम मिळालं आणि राहायला त्यांचीच ओसरी. पहिल्याच आठवड्यात मी तापानं फणफणलो, तर काकू उशाशी बसून राहिल्या. "तुही माय इतक्या दूर. मंग म्या नाई पाहावं त कोणं पाहावं?" त्या दिवसापासून या माऊलीसाठी मी काहीही करायला तयार होतो.

अडचण एकच. काकूंना दिवेलागणीला नीट दिसत नसे, आणि गोठ्याकडं जायची त्यांची वाट टाकीच्या खड्ड्याला अगदी खेटून. पुरुषभर खोल, तळाशी चिखल. मला जेवण जाईना. डोळे मिटले की काकू पडताना दिसत.

पहिला उपाय पाटी. फळीवर चुन्यानं लिहिलं, "सावधान! पुढे खोल खड्डा आहे. कृपया पलीकडून जावे." मजकूर लांबला, म्हणून अक्षर बारीक आलं, आणि ते वाचायला जो तो बरोबर खड्ड्याच्या कडेवर येऊन वाकू लागला! काकूंनी तर पाटीवर ओला टॉवेल वाळत घातला.

"काकू, ती धोक्याची पाटी आहे!"

"मंग? वारा चांगला लागते तिथं."

दुसरा उपाय लाल फडकं. उंच काठीला बांधलं. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर शेजारीण अगदी कडेवर उभी राहून हात जोडतेय आणि काठीला हळदकुंकू! पुढं नारळही आला. (तो मी खाल्ला. पण काळजीमुळं गोड लागला नाही.)

काका खाटेवर बसून मजा पाहत होते. "अबे दत्ता, डुकरं येऊ नाई म्हणून वावराले काय बांधतो आपण?"

"जुन्या साड्या."

"मंग? डुक्कर थांबते, त माणूस नाई थांबत का?"

इकडं वावराभोवती जुन्या साड्या ताणून बांधतात. वाऱ्यानं हलल्या की डुकरं बिचकतात. काकांनी माळ्यावरचं गाठोडं खाली टाकलं. मी खड्ड्याभोवती बांबू रोवून साड्या बांधल्या. काकूंच्या वाटेवर एक जुनं हिरवं लुगडं आलं.

संध्याकाळी काकू टोपली घेऊन गोठ्याकडं निघाल्या आणि मध्येच थांबल्या. टोपली खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि उलट्या पावलांनी घरात आल्या. चेहरा पांढराफटक.

"आत्याबाई उभ्या हायेत. खड्ड्यापाशी."

आत्याबाई म्हणजे काकूंच्या सासूबाई. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"अवं, मायचं लुगडं हाय ते. गाठोड्यात असन," काका हसले. ऐटीत पाहायला गेले आणि जरा लवकरच परत आले. आवाज उतरलेला. "लुगडंच हाय. पण त्यानं डोक्यावर पदर कसा घेतला?"

मी दारातून पाहिलं. काठ बांबूच्या टोकावर चढला होता, पोटात वारा भरला होता, आणि खांदे... लुगड्याला खांदे होते!

"मी काढूनच टाकतो."

"हात नोको लावू!" दोघं एकदम ओरडले.

"फार रागीट होत्या का?"

"नाई रे," काकू कुजबुजल्या. "कधी रागावल्या नाई. नुसत्या खोकलत. त्या खोकलल्या का मी जागीच उभी राहो."

सकाळी टाकीच्या विटांना पाणी मारायला बादली घेऊन गेलो. धुकं असं, की गोठा दिसेना. साड्या वर करून आत शिरलो आणि कडेवर उभा राहिलो. वारा अजिबात नव्हता. बाकीच्या साड्या निपचित लोंबत होत्या. हिरवं लुगडं मात्र हलत होतं. (मी मारुतीचं नाव घेतलं. आमच्या गावच्या मारुतीचं इकडं चालतं की नाही, कोण जाणे.)

लुगडं हळूच माझ्याकडं वळलं. आणि खोकलं.

मी हात जोडून मागं सरकलो. मागं खड्डा होता. (पाटीवर मी 'पुढे' लिहिलं होतं.)

"आई गं!" चिखलात बसकण, बादली डोक्यावर.

"दत्ता! काय झालं रे?" काकूंच्या चपला धुक्यातून फटाफट येऊ लागल्या, सरळ खड्ड्याच्या दिशेनं!

"काकू, थांबा! पुढं येऊ नका!"

"आले, आले!"

मी घसा फाडून ओरडत होतो, चपला वाजतच होत्या. तेवढ्यात वर लुगडं खोकलं.

चपला जागच्या जागी थांबल्या.

मग काकूंचा दबका आवाज. "आत्याबाई, पोरगं पडलं आंदर. काढू का?"

खोकला.

"हो म्हणतात! अवो, शिडी आना!"

काका शिडी घेऊन आले आणि लुगड्याआडून शेजारणीची बकरी बाहेर निघाली. काठ चघळत होती, घशात अडकला की खोकत होती. काकांनी आधी बकरीकडं पाहिलं, मग चिखलानं माखलेल्या माझ्याकडं.

"बकरी बी नाई पडली बे!"

काकू हसत होत्या, रडत होत्या आणि पदरानं माझं तोंड पुसत होत्या. "तुह्या मायले काय सांगतलं असतं म्या?"

आदल्या दिवशी रात्रीपर्यंत बकरी शेजारणीच्या मुलीच्या गावी होती, असं शेजारीणच म्हणाली. मग ते खांदे कुणाचे? मी चौकशी केली नाही. टाकीवर झाकण पडेपर्यंत लुगडं तिथंच ठेवलं, आणि काकू रोज त्याच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन लांबून जात राहिल्या.

हल्ली कुणाच्या घरी खड्ड्याचं काम निघालं, की मी पाटी लिहीत बसत नाही. मालकिणीला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "सासूबाईंचं एखादं जुनं लुगडं आहे का?" ते बांधलं की सगळं घर सुखरूप. फक्त बांधायच्या आधी मी स्वतःच्या कमरेला दोर बांधून घेतो.