तातूबुवांचा खर्ज

तातूबुवांचा गळा सबंध आयुष्यात एकदाच बसला. तो मी बसवला. थंड पाणी पाजून नव्हे, की धुळीत गायला लावून नव्हे. आमच्या लालबागच्या खोलीत, खुर्चीवर मानाने बसवून आणि हातात चहाचा कप देऊन बसवला.

तातूबुवा म्हणजे आमच्या मालवणकडच्या गावचे भजनी बुवा. माझे वडील मुंबईला येऊन गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायला लागले, त्याआधी ते बुवांच्या मागे बसून झांज वाजवायचे. बुवांची एक रेकॉर्ड निघाली होती. एकच. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा कंपनीच्या माणसाने त्यांना गाठून दोन बाजूंना दोन अभंग भरून घेतले, आणि पुढे त्या माणसाचा आणि कंपनीचा दोघांचाही पत्ता लागला नाही. ती रेकॉर्ड मात्र बाबांकडे होती, आणि ती वाजवायला चावीचा ग्रामोफोन होता. बाबा त्याला फोनू म्हणत.

हा फोनू म्हणजे लहानशा ट्रंकेएवढी पेटी. बाबांनी ती जुन्या बाजारातून आणली होती. झाकणाचं एक बिजागर तुटलेलं, त्याजागी साच्याच्या चामडी पट्ट्याचा तुकडा ठोकलेला. दर रविवारी आंघोळ झाली की बाबा चावी देत, बुवांची रेकॉर्ड लावत आणि पेटीच्या लाकडावर तळहात ठेवून डोळे मिटून बसत. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान अर्धे गेले होते. उरलेलं गाणं ते हाताने ऐकत. शेजारच्या बायका तांदळाची ताटं घेऊन दारात निवडायला बसायच्या. कुणाची काहीच तक्रार नव्हती.

तक्रार फक्त माझी होती. कारण मला फोर्टात विम्याच्या कचेरीत नोकरी लागली होती, आणि मॅट्रिक झाल्यापासून मी घरात शुद्ध बोलत होतो. (आई म्हणायची, याचा आता अर्धा कळतच नाय.) दादरच्या एका दुकानाच्या काचेत मी रेडिओग्राम पाहिला आणि माझी झोप उडाली. रेडिओ आणि ग्रामोफोन एकाच कपाटात! दुकानदाराने मला सांगितलं की हा हाय-फाय आहे, यात आवाजाची खोली कळते, खर्ज कळतो, गाणारा श्वास कुठे घेतो तेसुद्धा कळतं. मी घरी येऊन हे सगळं ऐकवलं. आईने एवढंच विचारलं, असला नाव कित्याक ठेवल्यानी? कोणाची तरी हाय लागात.

पण मी रेडिओग्राम आणला. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर असा अडकला, की वरच्या मजल्यावरची माणसं वर आणि खालची खाली राहिली. अर्ध्या तासाने हमालांनी तो सोडवला, तर आमच्या दारातून आत जाईना. शेवटी दारच काढावं लागलं. खोलीत तो उभा राहिला तो नेमका बाबांच्या अंथरुणाच्या जागेवर. त्या दिवसापासून बाबा त्याच्याखाली पाय सारून झोपू लागले. बाहेरून बघणाऱ्याला त्या यंत्राला सहा पाय दिसायचे.

विजेचं बटण बसवून दिलं ते समोरच्या चाळीतल्या कांबळेने. कांबळे गिरणीत वायरमन होता, माझ्याच वयाचा आणि कमी बोलणारा. यंत्राबरोबर माहितीचं पुस्तक आलं होतं, ते वाचलंस का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, अर्थात. (पुस्तक इंग्रजी होतं आणि मी त्याचं मुखपृष्ठ पूर्ण वाचलं होतं.)

दुकानदाराने सोबत एक छोटी रेकॉर्ड फुकट दिली होती. तिच्यात कुठल्यातरी परदेशी बँडचं वाजवणं होतं. जुन्या रेकॉर्डींनी नव्या सुईची धार जाईल म्हणून मी त्यांना यंत्राजवळ फिरकू दिलं नाही. त्यामुळे महिनाभर आमची चाळ रोज तो परदेशी बँडच ऐकत होती. पहिल्या आठवड्यात माणसं दारात यायची. दुसऱ्यात ती दारावरून जायची. तिसऱ्यात शेजारच्या काकींनी आईला हळूच विचारलं, तुमचा फोनू मोडला काय गो?

तेवढ्यात तातूबुवांचं यायचं ठरलं. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमच्या चाळीतले दोन कामगार सत्याग्रह करून तुरुंगात गेले होते, ते सुटून येणार होते. संध्याकाळी चाळीच्या चौकात त्यांचा सत्कार, आणि सत्काराआधी बुवांचं भजन. बाबांनी पत्र धाडून बुवांना खास बोटीने बोलावलं होतं. चौकात सकाळपासून पताका लागल्या होत्या, आणि बाबा त्या दिवशी पाळी बदलून घेऊन भाऊच्या धक्क्यावर जाऊन उभे होते.

दुपारी बुवा खोलीत आले. किडकिडीत म्हातारा, डोक्याला टोपी, आवाज मात्र सुरीसारखा. बाबा फोनू काढायला खाटेखाली वाकले. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, आज बुवांना त्यांचा खरा आवाज ऐकवू. आजवर आपण तो डब्यातून ऐकला. दारात पंधरा-वीस माणसं जमली होती, तेव्हा मी दुकानदाराचं सगळं भाषण पुन्हा केलं, आणि नियम मोडून बुवांची रेकॉर्ड रेडिओग्रामवर ठेवली.

आतून एक हंबरडा आला.

आधी मला वाटलं, ही सुरुवातीची खरखर असावी. पण तो अभंग होता. एखादा रेडा घाटाच्या चढणीला मध्येच बसला असेल आणि बसल्याबसल्या देवाचं नाव घेत असेल, तसा तो आवाज होता. दोन शब्दांच्या मधे एवढं अंतर, की पहिल्यानंतर दुसरा येईल की नाही याची काळजी वाटावी. झांज तर अशी वाजत होती, की लांब कुठेतरी कुणी एकेक भांडं घासून पालथं घालतंय. दारातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. आईने मला कोपराने ढोसून विचारलं, बुवांची तब्येत बरी नाय होती काय तेव्हा?

मला गप्प बसायची संधी होती. मी ती घेतली नाही.

"हाच तो खर्ज," मी म्हटलं. "बुवा, ऐकलंत? ही खोली त्या पेटीत कधी कळलीच नसती."

बुवांनी चहाचा कप खाली ठेवला. अभंग संपेपर्यंत (तो संपायला फार वेळ लागला) ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि यंत्राकडे बोट केलं.

"हो माझो आवाज?"

"होय बुवा. खरा आवाज."

"मगे इतकी वर्सां लोकांनी माका सांगूक होया होता," बुवा म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "संध्याकाळी दुसरो कोणतरी बघा."

आता हसू येतं, त्या वेळी आलं नाही. सगळ्या गावाला पहाटे उठवणारा तो माणूस घोगऱ्या आवाजात बोलत होता. घसा खाकरत होता. स्वतःच्या गळ्यावरचा त्याचा विश्वास मी एका रेकॉर्डीत उडवला होता. खाली चौकात सतरंज्या घालत असल्याचा आवाज येत होता, आणि वर मी यंत्राच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पुन्हा वाचत होतो.

तेव्हा बाबा उठले. त्यांनी रेडिओग्रामवरची रेकॉर्ड काढली, डोळ्यांजवळ नेऊन बघितल्यासारखं केलं आणि कपाळावर हात मारला.

"बुवा, ही तुमची न्हयच. ह्या माझ्या झिलान भलतीच लावल्यान. मॅट्रिक झालो हा, पण रेकॉर्डीवरचा नाव वाचूक येणा नाय."

एवढं बोलून त्यांनी खाटेखालून फोनू ओढला, आमच्याकडे पाठ केली, दुसरी रेकॉर्ड शोधल्यासारखी खुडबुड केली आणि तीच रेकॉर्ड चढवून चावी दिली. बुवांचा आवाज निघाला. पातळ, थोडा नाकातला, तुटक्या बिजागराच्या किरकिरीसकट. पण धावत, उडी मारत, झांजेला मागे टाकत. बुवांनी दोन ओळी ऐकल्या, टोपी डोक्यावर ठेवली आणि तिसऱ्या ओळीला रेकॉर्डीतल्या स्वतःबरोबर वरच्या पट्टीत सुरू झाले. दारातल्या बायकांनी ताल धरला. बाबांनी लाकडावर तळहात ठेवला तो चांगला दोन्ही बाजू होईपर्यंत काढला नाही.

संध्याकाळी बुवा असे गायले, की सुटून आलेल्या दोघांना हार घालायचं कुणाला भान राहिलं नाही.

खाली भजन चाललेलं असताना कांबळे दिव्यासाठी वायर मागायला वर आला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, यंत्रात बिघाड आहे. तो वाकला. तबकडीशेजारी एक खटका होता आणि त्याच्यापुढे सोळा, तेहतीस, पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर असे आकडे होते. हे काय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, कंपनीचा नंबर असेल.

"ही फिरायची गती आहे," कांबळे म्हणाला. "तुझी छोटी रेकॉर्ड पंचेचाळीसची. बुवांची अठ्ठ्याहत्तरची. धावणाऱ्या माणसाला तू चिखलातून चालवलंस." आणि वायर घेऊन तो खाली गेला.

दुसऱ्या दिवशी मी खटका सरकवून रेकॉर्ड लावली. रेडिओग्राम सुंदर वाजला, हे मी नाकारणार नाही. बाबांनी त्याच्यावर हात ठेवून पाहिला. लाकूड इतकं जाड, की हाताला काहीच लागेना. "बरो आसा," ते म्हणाले आणि फोनूची सुई बदलायला बसले. बुवांना खरं सांगू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, ते गायले ना? मग पुरे. पुढे रेडिओग्रामच्या आतले दिवे एकेक करून गेले आणि त्याच्या पाठीवर आईचे पापड वाळू लागले. फोनूला मात्र वर्षाकाठी तेलाचे दोन थेंब आणि सुया एवढंच लागायचं.

गावी परतताना धक्क्यावर बुवांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, त्या दुसऱ्या बुवाक सांग, गळो बरो आसा, पण जेवल्याबरोबर गाऊक बसा नको. मी सांगतो म्हणून कबूल केलं.

पुढच्या गणपतीत मी गावी गेलो, तेव्हा माझी कीर्ती आधीच पोहोचली होती. देवळात चांगली गर्दी होती. बुवांनी मला सगळ्यांपुढे हाताला धरून उभं केलं, भिंतीवरच्या देणगीदारांच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि मायेने म्हणाले, "वाच बघूया. घाई नाय." मी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत पाटी न अडखळता वाचली. देवळात टाळ्या पडल्या. आणि खरं सांगायचं तर, मॅट्रिकच्या निकालालाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.