पश्चिमेची खिडकी

कॉम्प्युटरवर बसून डोळे आणि डोकं दुखतं असं नुसतं म्हणून बघा, समोरचा माणूस लगेच डॉक्टर होतो. पाठ दुखते म्हटलं तर लोक "आमचीही दुखते" म्हणून विषय संपवतात. डोळ्यांचं तसं नाही. गाजर, त्राटक, बदाम, गुलाबपाणी, सगळं हजर. दीड वर्ष मी हे ऐकून घेतलं. आता कुणी सल्ला द्यायला तोंड उघडलं की मीच आधी विचारते, "तुमच्या ऑफिसात खिडकी कुठल्या बाजूला आहे?" बहुतेक जण गोंधळून विषय बदलतात.

चाकणच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात मी ड्रॉइंग करते. गाड्यांचे पत्र्याचे भाग वेल्डिंग करताना हलू नयेत म्हणून त्यांना घट्ट धरून ठेवणारे लोखंडी सांगाडे लागतात, त्यांना फिक्स्चर म्हणतात. ते फिक्स्चर आधी माझ्या स्क्रीनवर उभं राहतं आणि मग खाली शेडमध्ये. डिप्लोमा झाल्यापासून मी हेच करत आले आहे आणि मला हे काम मनापासून आवडतं. काळ्या स्क्रीनवर पहिली रेघ ओढताना जो आनंद होतो तो मला पोळी फुगल्यावर कधीच झालेला नाही, आणि हे मी सासूबाईंच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

आमचं ऑफिस शेडच्या वर, पोटमाळ्यावर असावं तसं. चार टेबलं, चार माणसं, एक खिडकी. आमचे शेठ चऱ्होलीचे, जुन्या शेतकरी घरातले. गावाकडच्या शेतात सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यातून हा कारखाना आला. माणूस वाईट नाही. डबा खाल्ला का विचारणारा, दिवाळीला प्रत्येकाच्या घरी फराळ पोचवणारा. पण मध्यंतरी एक मोठी ऑर्डर हातची गेली आणि कुणीतरी शेठच्या डोक्यात वास्तुशास्त्र भरवलं. वास्तूवाला आला, होकायंत्र घेऊन टेबलांमधून फिरला, आणि स्टाफचं तोंड पूर्वेला पाहिजे असं सांगून गेला. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर माझं टेबल फिरवलेलं. आधी खिडकी माझ्या डाव्या हाताला होती, आता ती पाठीमागे गेली.

खिडकी पश्चिमेची. दुपारी तीन वाजले की ऊन माझ्या खांद्यावरून थेट स्क्रीनवर. स्क्रीनमध्ये मला मी दिसायची, खिडकीचे गज दिसायचे, बाहेरचा विजेचा खांब दिसायचा, समोरच्या गेटला लागलेला टेम्पोसुद्धा दिसायचा. या सगळ्याच्या खाली कुठेतरी माझं ड्रॉइंग असायचं. ते शोधत शोधत डोळे बारीक करून काम करायचं आणि साडेचारच्या सुमाराला उजव्या भुवईच्या वर ठणका सुरू व्हायचा. तो रात्री झोपेपर्यंत.

म्हणजे दुखण्याचं कारण मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यासाठी कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. मी सरळ शेठच्या केबिनमध्ये गेले.

"शेठ, माझं एकटीचं टेबल पहिल्यासारखं फिरवू का? ऊन स्क्रीनवर येतं, डोकं फार दुखतं."

"न्हाई हो मॅडम," शेठ म्हणाले. "तोंड पूर्वेला केलं तवापासून तर दोन ऑर्डरी आल्यात."

"मग खिडकीला पडदा लावा."

"पडदा? कंपनी हाय का बेडरूम? पडदा आला की मान्सं पेंगत्यात."

"मग मी काय करू?"

"ब्राइटनेस वाढवा की जरा."

वाढवला. उन्हाशी स्पर्धा करायला ब्राइटनेस इतका वाढवावा लागला की ऊन गेल्यावर स्क्रीन डोळ्यांत घुसायला लागली. ऊन असताना एक त्रास आणि नसताना दुसरा. मी परत जाऊन सांगितलं, नंतरही सांगत राहिले, कधी हसत, कधी चिडून. दर वेळी शेठ अगदी मन लावून ऐकायचे आणि "बघू" म्हणायचे.

शेवटी मीच उपाय काढला. स्टोअरमधून बेअरिंगचं रिकामं पुठ्ठ्याचं खोकं आणलं, कापलं आणि स्क्रीनच्या वर आणि दोन्ही बाजूंना चिकटपट्टीने लावलं. डोक्यावरून पदर घेतल्यासारखी ती स्क्रीन दिसायची, पण आत अंधार झाला आणि ड्रॉइंग लख्ख दिसायला लागलं. ते दोन-तीन दिवस माझं डोकं दुखलं नाही. मग ज्यांना आम्ही माल देतो त्या मोठ्या कंपनीचं ऑडिट आलं. टेबलावर नको ती वस्तू दिसता कामा नये, सगळं नीटनेटकं हवं. माझा पुठ्ठा सकाळी सकाळी भंगारात गेला. ऑडिट झाल्यावर मी दुसरा केला, तर शेठ म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम, ते लोक कवाबी येत्यात." मी हात टेकले.

त्यानंतर मी एक नवीनच आसन शिकले. डावीकडे झुकून बसायचं, म्हणजे माझ्याच खांद्याची सावली स्क्रीनवर पडते. सावली जिथे पडेल तेवढंच ड्रॉइंग दिसायचं. उजव्या हातात माउस, डाव्या हाताने कपाळ दाबलेलं. दुपारभर अशी बसायची मी, नवस फेडायला आल्यासारखी. मान आखडायला लागली ती वेगळीच.

घरी आमच्या राहटणीच्या फ्लॅटमध्ये दुसरा दवाखाना उघडलेला होता. सासूबाईंचं निदान एकच, अंगातली उष्णता. रात्रीची भांडी आवरली की त्या तूप आणि काशाची वाटी घेऊन बसायच्या आणि माझे तळपाय घासायच्या. वाटीच्या बुडाला काळं आलं की "बघ किती उष्णता निघाली" म्हणून मला दाखवायच्या. खोटं कशाला बोलू, छान वाटायचं. एक-दोनदा मी बसल्या जागी झोपले. पण दुसऱ्या दिवशी साडेचारला भुवई ठणकायचीच, कारण ऊन काही माझ्या तळपायातून येत नव्हतं. हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. माया करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हा आणखी एक वैताग.

नवऱ्याशी मात्र भांडता येत होतं. "तू मोबाइल कमी बघ," तो म्हणाला. हे बोलताना त्याची मान स्वतःच्या मोबाइलमध्ये होती. मी फक्त बघत राहिले, तेव्हा त्याने मान वर करून "काय झालं?" असं विचारलं.

पिंपळे सौदागरच्या चष्म्याच्या दुकानात नंबर नसतानाही चष्मा मिळाला. निळा प्रकाश अडवणारी काच, आता सगळे हीच घेतात, असं दुकानदार म्हणाला. तो लावून मी टेबलाशी बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. आता खिडकी स्क्रीनवर तर दिसतच होती, चष्म्याच्या काचेतही दिसायला लागली.

नंतर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं, नंबर नाही म्हणाल्या. डोळे कोरडे पडलेत, थेंब घाला, पापण्या मिटत जा, दर वीस मिनिटांनी जरा लांब बघत जा. आणि मग लिहिता लिहिता विचारलं, "तुमच्या टेबलावर उजेड कुठून येतो?"

मला एकदम भरून आलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी खिडकी, ऊन, पुठ्ठा, सगळं सांगून टाकलं.

"मग टेबल फिरवा," त्या म्हणाल्या.

"वास्तू आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि थेंबांच्या दोन बाटल्या लिहून दिल्या.

थेंब घातले. पापण्याही मिटल्या. लांब बघायचं मात्र जमेना, कारण पूर्वेला तोंड करून बसल्यावर समोर हाताच्या अंतरावर भिंत होती आणि भिंतीवर कंपनीचं गुणवत्ता धोरण फ्रेम करून लावलेलं. दर वीस मिनिटांनी मी ते वाचायची. ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय, इथपासून शेवटच्या सहीपर्यंत मला ते पाठ झालं.

असं करत करत एका संध्याकाळी मोशीच्या सिग्नलला आमची स्टाफची गाडी अडकली. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे, हॉर्न, डिझेलचा वास, आणि माझं डोकं फुटायच्या बेतात. मला गाडीतच उलटी झाली. बरोबरच्यांनी पाणी दिलं, रुमाल दिले, आणि अर्थातच सल्लेही दिले. पित्त असेल, सकाळी कोकम सरबत घेत जा.

दुसऱ्या दिवशी शेठनी बोलावलं. चेहरा खरोखर काळजीचा होता.

"मॅडम, तुमचं डोळं आता कामातनं गेलं. मला कळलं समदं. पुढच्या महिन्यापासून तुम्ही खाली डिस्पॅचला बसा. मालाचं चलन करायचं, गाडी भरली की सही घ्यायची. पगार हाय तोच. ड्रॉइंगला मी दुसरं कुणी बघतो."

"शेठ, माझे डोळे चांगले आहेत. नंबरसुद्धा नाही. खिडकीला पडदा लावला की..."

"खाली बसा वो. तिथं खिडकीच न्हाई. लई आराम पडल."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खिडकी हलत नाही, टेबल हलत नाही, पडदा येत नाही, म्हणून मी हलायचं. बाथरूममध्ये जाऊन रडले. इतकी वर्षं घासून शिकलेलं काम एका पडद्यापायी जाणार, आणि वर तो माणूस माझी काळजी घेतोय असं सगळ्यांना वाटणार. त्या दिवशी मला शेठचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

महिना संपत आला आणि ऑफिसात कॅमेरा बसला. घरी बसूनही ऑफिस मोबाइलवर दिसावं अशी शेठची हौस. समोरच्या भिंतीवर, गुणवत्ता धोरणाच्या जरा वर, तो कॅमेरा आमच्या तोंडांकडे रोखून लावला. सकाळी चित्र छान आलं. दुपारी शेठ मोबाइल हातात घेऊन केबिनच्या बाहेर आले.

"आरं, ह्ये काय? समदी मान्सं भुतावानी काळी दिसत्यात. कोण कुठं बसलंय काय कळंना."

कॅमेरा बसवणारा शिडीवरून म्हणाला, "मागं खिडकी आहे ना शेठ. ऊन थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात जातंय. पडदा लावावा लागेल."

"व्हय? मग लावा की!" शेठ म्हणाले. "उद्याच्या उद्या लावा."

मी माउस सोडला. शेजारच्या टेबलावरच्या अकाउंटवाल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन खाली मान घातली. त्यांना हसू येत होतं. मला काय येत होतं ते मला सांगता येणार नाही. कॅमेऱ्याच्या डोळ्यांत ऊन गेलं तर एका दिवसात पडदा, आणि माझ्या डोळ्यांना दीड वर्ष गाजरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच माणूस आला आणि वरून खाली ओढायचा राखाडी पडदा लावून गेला. दुपारचे तीन वाजले. मी वाट बघत होते, पण ऊन आलं नाही. स्क्रीनवर खांब नव्हता, टेम्पो नव्हता, मीही नव्हते. फक्त माझं फिक्स्चर होतं, सगळ्या रेघा जागच्या जागी. साडेचार वाजून गेले तरी भुवई शांत होती. डिस्पॅचला जायला चारच दिवस राहिले होते, आणि आज माझं ड्रॉइंग इतकं सुंदर दिसत होतं की मला सहन होईना.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. शेठ चऱ्होलीला घरी होते, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"मॅडम, आता झ्याक दिसतंय. तुमच्या टेबलावरचा चहाचा कप सुदिक दिसतोय." मग म्हणाले, "पर तुम्ही अशा वाकड्या का बसलाय? आन कपाळ का दाबून धरलंय?"

मी स्वतःकडे बघितलं. डावीकडे झुकलेली, फोन उजव्या हातात, डावा हात कपाळावर. ऊन नव्हतं, दुखतही नव्हतं, तरी मी तशीच बसले होते.

"सवय झालीय, शेठ," मी म्हटलं. "दीड वर्ष मी अशीच बसते."

"अशी? रोज?"

"रोज. टेबलं फिरवली तेव्हापासून."

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली.  शेठ हळू आवाजात म्हणाले, "आवं, मग मला सांगायचं न्हाई का?"

मी कपाळावरचा हात काढला आणि मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

"आता सांगते, शेठ. मी डिस्पॅचला जाणार नाही."

शिट्ट्या थांबल्या. बहुतेक त्यांनीच उठून गॅस बंद केला असावा.

"बरं," शेठ म्हणाले. "बसा तिथंच. पर सरळ बसा. मला दिसतंय."